पटेलांच्या बोटीतली मानाची जागा

रामराव पटेल माणसांना बोटीत चढू देत नसत, बसवत असत. काठावर उभं राहायचं, धोतराचा सोगा वर खोचायचा, हातातल्या काठीनं एकेकाला जागा दाखवायची आणि सगळे जागच्या जागी बसल्याशिवाय मोटरीच्या दोरीला हात लावायचा नाही, असा त्यांचा नेम. मोटर बोटीच्या मागच्या टोकाला. तिच्याजवळ स्वतः पटेल. त्यांना खेटून सरपंच, मग किराणा दुकानाचे शेठ, मग गावातले खाऊनपिऊन सुखी असलेले शेतकरी. मध्ये बायका आणि त्यांची गाठोडी. त्यापुढे शेळ्या. आणि शेळ्यांच्याही पुढे, अगदी नाकाडावर, मी.

मी पलीकडच्या वाडीवरच्या मराठी शाळेची मास्तरीण. आदिलाबादकडे धरणं झाली त्या काळातली ही गोष्ट. आमच्या धरणाचं पाणी चढलं तसा गाव आणि वाडी यांच्यामधला रस्ता पाण्याखाली गेला. बांधावरून वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. गावातल्या अनेकांची कापसाची, ज्वारीची शेतं पलीकडे, आणि शाळा, आठवडी बाजारही पलीकडेच. म्हणून सरकारनं एक पत्र्याची बोट आणि पेट्रोलवरची मोटर दिली. त्याच सुमारास सरकारनं पटेलकी, म्हणजे तिकडची पाटीलकी, बंद केली होती. गावानं हिशेब केला, माणूसही रिकामा आहे आणि बोटीलाही माणूस हवाय, टाका सोपवून.

पहिल्या दिवशी मी आपली सहज मागं बसायला निघाले तर काठी आडवी आली. "बाई, तुमी समोर बसा. तिकडं हवा लागते." आम्ही बौद्ध. गावात ही गोष्ट कुणी बोलून दाखवत नसे, बसवून दाखवत. ती हवा माझ्या चांगली ओळखीची होती, लहानपणापासून लागलेली. पण मी म्हटलं, बसू. मागं पेट्रोलचा भपकारा आणि शेठच्या तंबाखूच्या पिचकाऱ्या, पुढं नुसतं पाणी आणि बगळे. तोट्यात कोण होतं ते तुम्हीच ठरवा.

आणि माणूस वाईट नव्हता हो. मला घरून निघायला उशीर झाला तर बोट थांबवून धरायचा. एकदा सरपंचांनी घाई केली तेव्हा पटेलांनी त्यांना सगळ्यांदेखत ऐकवलं, "शाळा उघडल्याबिगर तुहा बाजार भरून राह्यला काय?" पटेलकी गेल्याचं दुःख मात्र त्यांना होतं. पूर्वी सगळं गाव ऐकायचं, आता ऐकणारी एक मोटर उरली होती. तिच्याशी ते हट्टी बैलाशी बोलावं तसं बोलत. दोरी ओढूनही ती सुरू झाली नाही तर आधी समजूत, मग दम, मग तिच्या खानदानाचा उद्धार. बायका पदरात तोंड लपवून हसत.

आता या मोटरीचं दुखणं सांगते. एरवी ती ठणठणीत. साध्या दिवशी मी, चार बायका आणि निंदणाला जाणाऱ्या पोरी असलो की भर्रकन पलीकडे. पण बाजाराच्या दिवशी मोठी मंडळी आली की तिचं बळच जायचं. आवाज केवढा, आणि चाल गोगलगायीची. मागं पाणी नुसतं उकळायचं. बोटीचं नाक उभं राहायचं, आणि त्या नाकावर मी, झाडावर चढून बसल्यासारखी. पटेल म्हणत, "मोठी माणसं पाह्यली का लाजते हे. बाईमाणसाचा सोभाव."

मी वरून म्हणायची, "पटेल, बाईमाणूस मी पण आहे, मला तर लाज वाटत नाही." त्यावर ते मिशीत हसत आणि मोटरीलाच दम देत.

पटेलांनी उपायात कसर ठेवली नाही. प्लग काढून धोतरानं इतका घासला की त्यात तोंड दिसावं. पेट्रोलात भेसळ आहे म्हणून पंपवाल्याशी तेलुगूत भांडून आले. ऑईल कमी पडत असेल म्हणून जास्त ओतलं, तर असा धूर निघाला की पलीकडच्या वाडीवाल्यांना वाटलं गावात आग लागली. पंख्यात जाळ्याची दोरी अडकलेली सापडली तेव्हा चोर पकडल्याच्या थाटात ती काठावर सगळ्यांना दाखवली. लिंबू-मिरची बांधली. शेवटी आदिलाबादहून विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करणारा एक मिस्त्री आणला. त्यानं मोटर सगळी उलगडली, पुन्हा जोडली, आणि एक स्क्रू उरला. मिस्त्री म्हणाला, हा जास्तीचाच होता. पटेलांनी तो कंबरेच्या बटव्यात जपून ठेवला. प्रत्येक उपायानंतर ते एकट्या मिस्त्रीला किंवा आम्हा बायकांना घेऊन फेरी मारून पाहत, आणि मोटर वाऱ्यासारखी पळे. मग बाजाराचा दिवस येई आणि पुन्हा तेच रडगाणं.

ही तक्रार कुणीतरी वर पोचवली. एका बाजाराच्या दिवशी तहसीलचे गिरदावर साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, आले. चांगले भरल्या अंगाचे, बरोबर शिपाई. म्हणाले, दुसऱ्या एका तलावावरून या मोटरीची मागणी आहे. इथं ती नीट चालत नसेल तर कशाला पाहिजे? भरल्या बोटीनं आत्ता पार करून दाखवा, नाहीतर मोटर उद्या जीपमध्ये. मोटर गेली म्हणजे माझी शाळा गेली, बायकांची मजुरी गेली, पलीकडची शेतं असून नसल्यासारखी. आणि पटेलांजवळ तर दुसरं काही उरणारच नव्हतं. त्यांचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा उतरलेला पाहिला.

बोट भरली. साहेबांना अर्थातच मानाची जागा, मागं, पटेलांच्या शेजारी. मग सरपंच, शेठ, शिपाई. आम्ही आपापल्या ठिकाणी. पटेलांनी नारळ फोडला, दोरी ओढली, आणि बोट निघाली म्हणण्यापेक्षा हलली म्हणावं. मध्यावर आलो तोवर नाक इतकं वर गेलं होतं की मला साहेबांचं टक्कल वरून दिसत होतं. साहेब हिंदीत म्हणाले, "पटेल, इससे तो भैंस जल्दी जाती है." सरपंच साहेबांच्या बाजूनं हसले.

तेवढ्यात बोटीच्या मागच्या काठावरून भसकन पाणी आत आलं आणि शेठचं धोतर भिजलं. शेठला पोहता येत नव्हतं. ते जे उठले ते बायकांना ओलांडून, शेळ्यांना तुडवत थेट माझ्याजवळ येऊन आदळले. बोटीचं नाक खाली आलं आणि बोटीनं चक्क उडी घेतली. मोटरीचा आवाजच बदलला.

पटेलांनी मोटरीकडं पाहिलं, शेठकडं पाहिलं. म्हणाले, शेठ, मागं या. शेठ भीत भीत मागं गेले. बोट पुन्हा म्हैस. पटेल म्हणाले, आता समोर जा. शेठ पुढं आले, बोट पळाली. बिचाऱ्या शेठना त्यांनी आणखी एकदा नाचवलं आणि मग मोटर बंद केली.

सगळ्यांना कळलं होतं. मोटर चांगलीच होती, मागं मानाचं वजन फार झालं होतं. पण बोलणार कोण? बोलायचं म्हणजे साहेबांना आणि सरपंचांना शेळ्यांत जाऊन बसा म्हणायचं. आणि शेळ्यांच्या पलीकडे मी. सरपंचांनी तर आधीच सांगून टाकलं, मी काही तिकडं बसणार नाही, मोटर गेली तर गेली. बोट पाण्यात नुसती डुलत होती.

पटेल उठले. बोटीत सगळ्यांत वजनदार तेच होते. मला म्हणाले, "बाई, मागं या. मोटरीचा दांडा धरा."

मी म्हटलं, "मला येत नाही, पटेल."

"मले तरी कुठं येत होतं? या. कापसाच्या वाळल्या पराटीसारख्या तुमी, तुमचं वझन ते काय."

तुडुंब बोटीत आम्ही एकमेकांना ओलांडलं. माझा हात त्यांनी धरला, पडू नये म्हणून. उभ्या गावादेखत धरला. मग ते थेट नाकाडावर, माझ्या जागी जाऊन बसले, एक शेळी मांडीवर घेतली आणि सरपंचांना म्हणाले, "काऊन बसून राह्यला तिथं? पटेल जिथं बसते तिथं मान ऱ्हायते. पिढ्यान्‌पिढ्याचा रिवाज हाय. या इकडं."

आता काय करणार? पटेल पुढं आणि सरपंच मागं मास्तरणीशेजारी, हे तर त्याहून वाईट दिसत होतं. सरपंच उठले. साहेबही हसत उठले. ते खरे रसिक निघाले, बायकांच्या गाठोड्यावरच टेकले. मी दोरी ओढली. दोन्ही हातांनी ओढली. पटेल पुढून ओरडत होते, डावीकडं, बाई, अवं दुसरं डावीकडं. बोट अशी सुटली की साहेबांची टोपी पाण्यात गेली. मोटर राहिली. साहेबांनी टोपीबद्दल तक्रार केली नाही.

त्यानंतर बाजाराच्या दिवशी बोट मीच चालवायची. पटेल समोर बसून हुकूम सोडायचे. गावात कुजबुज झालीच, पटेलांच्या भावकीतले काही जण महिनाभर बोटीत चढले नाहीत, वळसा घालून गेले. पटेलांना विचारलं तर म्हणत, "चालू द्या. पायाले व्यायाम होते." एकदा मी सरळ विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटलं? "वाटलं ना. त्या दिशी लई वाटलं. मंग हवा लागली." एवढंच म्हणाले. तो माणूस मला त्या क्षणी माझ्या बापाइतका जवळचा वाटला. हे त्यांना सांगायचं मात्र राहून गेलं.

बऱ्याच वर्षांनी, ऐन पावसाळ्यात, पटेल गेले. मला पलीकडच्या माझ्या वावरातच जाळा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. म्हणजे तिरडी बोटीनंच न्यायची. पटेलीणबाईंनी सकाळीच निरोप पाठवला, बाईंना बोलवा, मोटरीला दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नका. मी धावत गेले. काठावर सगळी भावकी जमली होती, वळसा घालून जाणारेही. मोटरीजवळ उभी राहिले तर डोळ्यांपुढं काही दिसेना, पदरानं पुसत राहिले. पटेलांना मध्ये ठेवलं. मग त्यांचा थोरला मुलगा पाण्यात गुडघाभर उभा राहून माझ्याकडं पाहायला लागला. त्याच्यामागं ती सगळी माणसं.

"बाई," तो म्हणाला, "आमी कुठं बसू?"

मी एकेकाला जागा सांगितली. सांगितली तिथं सगळे बसले.