चष्म्याचं फडकं

थोरली तिरसटच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. वडिलांच्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलाशी बसून ती कॅमेरे दुरुस्त करी. पुढच्या खोलीत धाकटा भाऊ फोटो काढी. वडिलांनी दुरुस्तीचा चिमटा तिच्या हातात दिला, त्याच्या नाही. तेव्हापासूनचं हे वैर. आता भावाला टेबल हटवून तिथे कपांवर फोटो छापायचं मशीन बसवायचं होतं. मशीनवाला ठरलाही होता, फक्त निमित्त हवं होतं.

एका सकाळी तो कॅमेरा घेऊन आत आला.

"ताई, डोळा लावला की काळा ठिपका दिसतोय. दुपारी लग्नाचं काम आहे, त्याआधी काढ."

"आत स्क्रीनवर धूळ बसलीय. ती नुसती डोळ्याला दिसते, फोटोत येत नाही. राहू दे."

"बरी पळवाट सापडली. एक कण निघत नसेल तर टेबल कशाला अडवलंयस?"

थोरलीने लेन्स काढली. कॅमेऱ्यातल्या आरशाच्या वरची, पोस्टाच्या तिकिटाएवढी दुधी स्क्रीन चिमट्याने अलगद सोडवून कागदावर ठेवली आणि रबरी फुग्याने वारा मारू लागली. या स्क्रीनला वाऱ्याखेरीज काही लावायचं नसतं. इतकी नाजूक, की मऊ फडक्यानेही चरे पडतात. कण चिवट होता, हलेना.

"फुग्याशी खेळून झालं का? मुद्दाम ताटकळत ठेवतेस मला." म्हणत भावाने खिशातून चष्म्याचं फडकं काढलं.

त्याचा हात येताना थोरलीला स्वच्छ दिसला. थांब म्हणायला वेळ होता. तिने फुगा बाजूला ठेवला, हात मांडीवर घेतले आणि त्याला पुसू दिलं. त्यानेही चांगलं खसाखसा पुसलं.

ठिपका गेला. मधोमध चरे उमटले, मांजराने नख मारावं तसे.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"होतं."

"आणि बघत बसलीस?"

"बसले."

"आता लग्नाचं काय करू?"

"चरेही फोटोत येत नाहीत. डोळे बारीक करून काढ."

"नवी स्क्रीन बसवून दे."

"देते. आधी मशीनवाल्याला फोन कर. इथेच, माझ्यासमोर."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. दुसरा दुरुस्तीवाला गावात असता, तर तो कॅमेरा उचलून तिकडेच गेला असता. शेवटी त्याने फोन लावला.

"मशीन सध्या नको," तो म्हणाला.

"'सध्या' शब्द काढ," थोरली म्हणाली.

त्याने काढला.