आबांनी दिलेला वन्स मोअर

मी खोटं गाणार होते. अगदी ठरवून.

त्याचं झालं असं, की परदेशातला मोठा ऑर्केस्ट्रा सांगलीत येणार, दीड तासाची जंगी सिंफनी वाजवणार आणि तिच्या शेवटी गायला त्यांना इथलीच शंभर माणसं हवी होती. आम्ही बँकवाल्या, शिक्षक, नर्स असे सगळे सहा महिने जर्मन शब्द देवनागरीत लिहून घोकत होतो. पण शेवटच्या पानावर बायकांना एक सूर इतका वरचा, की माझा दरवेळी फाटायचा. मग मी तिथं आवाज न काढता नुसता 'आ' करायला लागले. शंभरात कोणाला कळतंय!

कार्यक्रमाला वाईजवळच्या आमच्या गावाहून आबा आले. माझे वडील. उसाला पाणी पाजून सायकलवरून संगीत नाटकांना जाणारा माणूस. बांधावर उभं करून मला गायला त्यांनीच शिकवलं. "माझी पोरगी गाणाराय," असं अख्ख्या एसटीला सांगत आले होते. त्यांच्यासमोर सूर फाटला असता तर? नको गं बाई. त्यापेक्षा 'आ' बरा.

तासभर आम्ही स्टेजवर मुकाट बसून. पहिल्या रांगेतून आबा हातानं विचारतायत, कवा? हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली.

मग उभे राहिलो. पितळी वाद्यं गरजली, पायाखालची फळी थरथरली, अंगावर असा काटा आला म्हणून सांगू! तो सूर आला. समोर छडी हलवत ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या कंडक्टरांकडे बघत मी झकास 'आ' केला. संपलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट.

आणि आबा उठून गरजले, "वन्स मोअर!"

मेलेच की मी! त्यात सांगलीचं पब्लिक, नाटकावर पोसलेलं. सगळं थिएटर ओरडायला लागलं. गोरे कंडक्टर बावचळले. कुणीतरी त्यांच्या कानात अर्थ सांगितला, तसे खदखदून हसले आणि चक्क पानं मागं उलटली.

पुन्हा तोच सूर जवळ आला. आबा खुर्चीच्या कडेवर, नजर माझ्यावर. मला काय खूळ चढलं कोण जाणे. फाटला तर फाटला! डोळे मिटले आणि लावला. जरा चिरकला, पण लागला! गाता गाताच मला हसू फुटलं.

बाहेर भडंग खाताना मी म्हटलं, "आवं आबा, असं वरडायचं नसतं तिथं."

"ठावं हाय," ते म्हणाले. "पर वरचा सूर लावताना तू डोळं मिटतीस, ल्हानपणापास्नं. पयल्या खेपंला टक्क उघडं हुतं. मग वन्स मोअर दिऊ न्हाईतर काय करू?"