रांगेतला एकच मोडका कान

ओळख परेडीसाठी मी सात माणसांची रांग जमवली आणि त्यांत कान मोडलेला माणूस एकच ठेवला: आरोपी. वर घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. निवृत्तीनंतरही ती घटना आठवली की हात आपोआप कानाकडे जातो.

कागल रस्त्यालगत एक काकू वैरणीचा भारा घेऊन परतत होत्या. भरदुपारी एकानं कोयता दाखवून त्यांच्या गळ्यातला साज ओढून नेला. तोंडाला रुमाल. फिर्यादीत वर्णन एवढंच : “उजवा कान पैलवानाचा, मोडल्याला.”

आठवडाभर तपास जागच्या जागी. वरून रोज फोन. अशात खबऱ्या आला.

“सायेब, शिरोळचा एक ट्रॅक्टरवाला हाय. जुना पैलवान. त्याच वाटंनं कारखान्याला ऊस नेतोय.”

त्याला आणला. कान बघितला आणि मला वाटलं, गुन्हा उघडकीला आला.

“त्या वक्ताला मी कारखान्यावर लायनीत हुतो, सायेब. नंबरच लागला न्हवता.”

वजनकाट्यावर त्या वेळेची नोंद नव्हती. मी ते खोटं धरलं. लायनीतल्या बाकीच्या चालकांना विचारायला साधा शिपाईही पाठवला नाही.

“कान काय बघताय? माझं तोंड दावा की त्या बाईला,” तो म्हणाला. मी हवालदाराकडे बघून हसलो. हवालदार हसला नाही.

साज सापडेना, तेव्हा सगळी भिस्त ओळखीवर. परेड तुरुंगात, नायब तहसीलदारांसमोर. रांगेतली माणसं निवडणं त्यांचं काम. पण घाई मला, म्हणून मीच गोळा करून दिली. झेरॉक्सवाला, पानटपरीवाला, कचेरीतले शिपाई, सगळ्यांचे कान शाबूत. कोल्हापुरात मोडके कान काय शोधावे लागतात? कुठल्याही तालमीच्या कट्ट्यावर दहा मिळतात. एक तर माझ्या घरच्या आरशातही मिळतो. आरोपीला मात्र बुरखा घालून नेला. काकूंनी कधी न पाहिलेला चेहरा झाकायची केवढी ती दक्षता!

काकूंनी थेट त्याच्याच खांद्यावर हात ठेवला. जामीन नाकारला गेला. घरी लेकीचं बारसं झालं, बाप आत.

खटल्यात बचावाच्या वकिलांनी काकूंची उलटतपासणी घेतली.

“रांगेत मोडक्या कानाचे किती होते?”

“ह्यो एकलाच.”

“चोराचा चेहरा बघितला होता?”

मी सरकारी वकिलांच्या मागे बसून घाम पुसत होतो.

“न्हाय. रुमाल व्हता की. कानच बघितल्याला.”

“मग तसाच कान दुसऱ्या कुणाचा दिसला तर?”

काकूंनी कोर्टभर नजर फिरवली. त्यांचं उत्तर सांगतोच, आधी पुढचं सांगून टाकतो. ट्रॅक्टरवाला निर्दोष सुटला. वर्षभरात साज जयसिंगपूरकडच्या एकाच्या घरात मिळाला. कान त्याचाही मोडका. साक्षीदार बहुतेक वेळा खोटं बोलत नाही. आपण समोर जे ठेवतो, त्यातून तो निवडतो. हे मला नोकरीच्या अठराव्या वर्षी कळलं, तेही दुसऱ्याच्या आठ महिन्यांच्या कैदेवर.

तर, काकूंची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली.

“ह्या सायबांचा बी तसलाच हाय की,” त्या म्हणाल्या. “पर सवता कुटं हुबं ऱ्हायलं त्ये रांगंत?”