रजा कळवल्याचा रकाना

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, तेही मला नीट सांगता येणार नाही. सौदीतल्या दमामच्या या फ्लॅटमध्ये शुक्रवारची दुपार फार लांब असते. मुलीच्या कॉलेजसाठी मायलेकी पुण्याला गेल्या त्याला दोन वर्षं झाली. एसी घरघरत असतो, मी जेवणाचं ताट सिंकमध्ये ठेवतो, आणि मग — मग काय? बोलायला कुणी नसतं. अशा वेळी मी कपाटातलं मंडळाचं इतिवृत्ताचं रजिस्टर काढतो. ते माझ्याच अक्षरात आहे.

आधी मंडळाबद्दल सांगतो. इथली मराठी माणसं महिन्यातून एकदा जमतात. कधी कुणाच्या हॉलमध्ये, कधी भाड्याने घेतलेल्या इस्तिराहात — म्हणजे शहराबाहेरच्या फार्महाऊसवर. कुठे नोंदणी नाही, काही नाही. पण नियम असावेत असं ठरलं, आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. आलं कशाला, मीच मागून घेतलं. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. ही गोष्ट मी न विचारताही सांगतो, अजूनही. नोटीस किती दिवस आधी, गणसंख्या किती, सूचक कोण, अनुमोदक कोण, समितीतून माणसाला काढायचं तर कसं — सगळं वाचून, घासूनपुसून मी बावीस नियम केले. आणि चिटणीसही झालो.

शांतारामदादा समितीत होते ते कामगारांच्या कॅम्पातल्या लोकांचे प्रतिनिधी म्हणून. स्कॅफोल्डिंगचे फोरमन, सातवी शिकलेले, माझ्याच गावचे. मी पहिल्यांदा इथे उतरलो तेव्हा कंपनीची गाडी आलीच नव्हती. दादा ओव्हरटाइम सोडून विमानतळावर आले होते. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, हातात येईपर्यंतचे ते दोन महिने मी दर शुक्रवारी त्यांच्या खोलीवर जेवलो. बांगड्याचं तिखलं करायचे. हेही मी इथे कुणाला सांगत नसे.

नियमांवर चर्चा झाली तेव्हा दादा एकाच नियमावर बोलले, अकराव्या. लागोपाठ तीन सभांना न कळवता गैरहजर राहिलेल्या सदस्याला काढण्याचा ठराव आणता येईल, असा तो नियम. दादांचं म्हणणं होतं की कॅम्पातल्या माणसाला शुक्रवार मिळेलच असं नाही, आणि मेल लिहीत कोण बसणार? चिटणिसाला फोन केला की झालं, असं करा. सगळ्यांना पटलं. मग मी रजिस्टरमध्ये उभी रेघ मारून एक रकाना पाडला आणि वर लिहिलं — ‘रजा कळवली’. त्या रकान्याचाही मला अभिमान होता.

आता त्या फराळाच्या दिवसाकडे येतो. यायलाच हवं.

दिवाळीचा फराळ होता. आमचे अध्यक्ष मराठेसाहेब कुणाला तरी माझी ओळख करून देत होते. माझे वडील कन्स्ट्रक्शनमध्ये होते, असं मी त्यांना केव्हातरी सांगितलं होतं. तेच ते पुढे सांगत होते. दादा शेजारीच चकली खात उभे. म्हणाले, “कन्स्ट्रक्शन कसलं साहेब, चिरेखाणीवर होता ह्याचा बापूस. काय हात होता! आमच्या घराचा एकेक चिरा त्यानं काढलेला. आणि हा बाळ्या डबा घेऊन यायचा खाणीवर, लालेलाल होऊन.”

लोक हसले. वाईट हसले असं नाही हो. मराठेसाहेबांनी तर माझ्या पाठीवर हात ठेवला. दादांच्या आवाजात कौतुकच होतं — तेव्हाही मला ते कळत होतं. पण पुढच्या सभेत एकाने मला सहज ‘बाळ्या’ म्हटलं, आणि ते मला झोंबलं. एवढी इंजिनिअर मंडळी होती, आणि मी त्यांच्यात बरोबरीने बसायला किती वर्षं घालवली होती! वडिलांची लाज वाटत होती का मला? मी तर छाती काढून सांगायचो, पहिला पदवीधर म्हणून. मग घरातल्या आधीच्या माणसाने काय केलं, हे ऐकवलेलं का सोसलं नाही?

त्या हिवाळ्यात अबकैकच्या तेल प्रकल्पात दुरुस्तीचा शटडाऊन लागला. दादांना तीन महिने शुक्रवार मिळाला नाही. दर सभेच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन यायचा. मागे वाऱ्याचा आणि लोखंडाचा आवाज. “बाळ्या, उद्या जमत नाय रे. माझी रजा लाव.” मी म्हणायचो, लावतो दादा.

पहिल्या वेळी लिहायचं राहून गेलं. खरंच राहून गेलं. दुसऱ्या वेळी पेन हातात होतं, आणि मी त्या रकान्याकडे बघत बसलो. तिसऱ्या वेळी मी बघतही बसलो नाही.

मग मीच अध्यक्षांच्या लक्षात आणून दिलं की नियम अकरा लागू होतो. चौदा दिवसांची लेखी नोटीस, मेलवर, सदस्याला म्हणणं मांडायची संधी — सगळं नियमाप्रमाणे केलं. दादांचा मेल आयडी मीच काढून दिला होता. तो त्यांनी एकदाही उघडलेला नव्हता, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

सभेत आठजण होतो. नववी खुर्ची मोकळी. मराठेसाहेबांना हे सगळं पटत नव्हतं. त्यांनी ठराव मताला टाकण्याआधी रजिस्टर मागून घेतलं, पान उलटलं, आणि मला विचारलं, “त्यांनी फोनबिन काही केला होता का?”

“नाही,” मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा विचारलं, “नक्की?”

मी मान हलवली. सहा हात वर झाले, त्यात माझा एक. मी ते मोजले आणि दोन तृतीयांश झाले असं लिहून घेतलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. मलाही बरीच वर्षं तसंच वाटावं असं वाटत होतं.

दोन दिवसांनी दादांचा फोन आला. कॅम्पातल्या कुणीतरी सांगितलं होतं. ते चिडले नव्हते. अगदी हळू विचारलं, “बाळ्या, मी केलेले ना रे तुला फोन? तिन्ही वेळा?”

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत मी एकटाच होतो, ऐकायला कुणी नव्हतं. मी म्हटलं, “नाही दादा. मला तरी आठवत नाही.”

मग म्हणाले, “असेल. कामाच्या गडबडीत करीन करीन म्हणून राहिला असेल. वय झालं आता.”

मंडळात ते परत आले नाहीत, आणि त्यांच्यामागून कॅम्पातले लोकही येईनासे झाले. वर्षभरात खलास करून, म्हणजे नोकरीचा हिशेब मिटवून, दादा कायमचे गावी गेले. मी विमानतळावर गेलो नाही.

मागच्या सुट्टीत गावी गेलो होतो. दादांच्या घरी गेलो, माझ्या वडिलांनी, आबांनी, काढलेल्या चिऱ्यांच्या त्या घरात. वहिनींनी कोकम सरबत दिलं. दादांच्या खिशात एक छोटी डायरी होती. कुणाशी फोनवर बोलले की ते लगेच त्यात लिहीत — कुणाला, कधी, काय. वहिनी हसून म्हणाल्या, सौदीहून आल्यापासून हेच. डोक्याचा भरवसा नाही म्हणतात. दादाही हसले, आणि माझ्यासमोरच लिहिलं, बाळ्या येऊन गेला.

मी सरबत संपवलं आणि उठलो.

रजिस्टर आता समोर उघडं आहे. तीन सभा, तीन पानं, दादांच्या नावापुढचा रकाना तिन्ही ठिकाणी कोरा. दादा काही विसरले नव्हते. फोन आले होते. तिन्ही मीच उचलले होते.