दवाखान्यातून परत आणले ते मी

माझा धाकटा भाऊ हट्टाने दवाखान्यातून परत आला आणि म्हणूनच वारला, असे आमच्या घरात आजवर सांगितले जाते. तसे घडले नव्हते.

दोन हजार सालानंतरची ती वर्षे. परदेशात, वुडलँड्स या उपनगरात आम्ही दोघे भाऊ एकाच इमारतीत राहायचो. एका रविवारी सकाळी तो छाती चोळत दारात आला. "दादा, पित्त झालंय बहुतेक. काल हॉकर सेंटरच्या खाऊगाड्यांवर जरा जास्तच हाणलं."

आमच्याकडे छातीत काहीही झाले की ते पित्तच. तरी खालच्या क्लिनिकमध्ये गेलो. वयस्कर चिनी डॉक्टरांनी ईसीजी पाहिला. विशेष काही दिसत नाही, म्हणाले. मग त्याच्याकडे पाहून म्हणाले, "इंडियन, चाळिशी. तुमच्या लोकांना हार्ट अटॅक आमच्यापेक्षा लवकर येतो. ॲम्ब्युलन्स बोलावतो."

माझे डोके फिरले. वडील गावाबाहेरच्या वस्तीतून शिकून वर आले, धम्म स्वीकारला. जन्मावरून कुणाला काही ठरवू द्यायचे नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेले.

"हा दारू पीत नाही, सिगारेट ओढत नाही," मी म्हणालो. "त्याची छाती तपासा, जन्म नको."

"माझ्यावर रागवा," डॉक्टर म्हणाले, "पण त्याला न्या."

भाऊ माझ्याकडे बघत होता. "जाऊन येऊ का दादा? एवढं म्हणतायत तर."

"काही नको. घरी चल."

"बरं. मग वहिनीला सोडा करायला सांग."

लिफ्टमध्ये त्याला दरदरून घाम फुटला. उकाडा आहे, मी म्हणालो. माझ्या उंबऱ्यावरच तो कोसळला. हॉस्पिटलमध्ये त्याच्या बायकोला क्लिनिकमधून कळले होते. तिने विचारले, "डॉक्टर न्या म्हणाले होते ना?" मी म्हणालो, "तो ऐकेना."

माझे तत्त्व आजही मला खोटे वाटत नाही. पण त्या डॉक्टरांनी त्याला हलके लेखले नव्हते. त्यांना तो जगायला हवा होता.

हे मी तसेच पोटात ठेवून मेलो असतो. पण परवा पुतणीच्या छातीत जळजळ होऊ लागली. मी हॉस्पिटलचे नाव काढले, तर ती हसली. "पित्त आहे, मोठेपप्पा. पप्पा स्टबर्न होते म्हणून गेले. मी तशी नाही, लाह," तिथल्या सवयीचे 'लाह' जोडत ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले तर जाईन."

मग मी सगळे सांगितले. ती पर्स उचलत म्हणाली, "डॉक्टर नक्की काय म्हणाले होते? वाटेत सांगा."