फेसवाली रूपाली

मखमलाबाद रोडच्या आमच्या गल्लीत गोटीरामच्या सुनेला, रूपालीला, सगळे 'फेसवाली' म्हणतात. तिला राग येत नाही. दिंडोरीकडच्या स्पिरिटच्या कारखान्यात ती आग विझवण्याच्या खात्यात आहे आणि तिथला सगळा कारभार फेसावरच चालतो.

यंदा रंगपंचमीआधी मंडळाचं अध्यक्षपद हातचं जातंय म्हटल्यावर गोटीरामने भर बैठकीत ठोकून दिलं, "डीजेबरोबर फेसात नाच ठेवू. फेस माझी सून आणंल." टाळ्या पडल्या, खुर्ची वाचली. सुनेला विचारायचं तेवढं राहिलं.

संध्याकाळी मंडळातला संघर्ष नावाचा पोरगा गोटीरामच्या ओट्यावर हजर. "वहिनी, फेसाचे दोनच कॅन. कोणाला कळतंय?"

"तो स्पिरिटच्या टाकीसाठी आहे."

"मग डिझेलवाला आणा. फेस तो फेसच."

"फेस तो फेस कसा? डिझेलवाला डिझेलवर सायीसारखा पसरतो, आग गुदमरते. तोच स्पिरिटवर मारला तर स्पिरिट त्यातलं पाणी पिऊन टाकतं, फेस बसतो आणि आग दात काढते. म्हणून स्पिरिटचा वेगळा. आणि दोन्हींतलं रसायन गोदेत गेलं की वर्षानुवर्षं जिरत नाही. एकही मिळणार नाही."

गोटीराम खाकरला. "माझ्या शब्दाला काय किंमत हाय का नाय?"

"आहे ना, मामा. पण शब्द तुमचा आणि नोकरी माझी."

सासू मालनबाई लसूण सोलत होती. तिचे हात थांबले.

संघर्ष चिवट. "कारखान्यात मुदत संपलेला ड्रम पडलाय म्हणे, तो तरी? भंगारातच जाणार ना?"

"तो प्रोटीनचा. तेलाच्या आगीवर घट्ट बसतो. गुरांची खुरं नि शिंगं शिजवून करतात. नाचा त्यात."

गोटीरामचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर गेला. दारात अंड्याचं टरफल दिसलं तरी अंघोळ करणारा माणूस. पण खुर्ची वाईट. तो हळूच म्हणाला, "कशाचा हाय ते लोकांना सांगायचं कशाला?"

"मी सांगंन," मालनबाई म्हणाली. "गल्लीभर."

रूपालीने चपला घातल्या. "मामा, फेस मिळणार नाही हे मंडळात तुम्ही सांगता का मी जाऊ?"

"मीच सांगतो. अजून मेलो नाय."

त्याने सांगितलं. खुर्ची संघर्षकडे गेली आणि रंगपंचमी साध्या पाण्यावर झाली. जाता जाता संघर्षने ओट्यावरच्या गोटीरामला टोचलंच, "काय आबा, सुनेनं खुर्ची घालवली ना?"

"घालवली," गोटीराम मिशीतला रंग पुसत म्हणाला. "तू आता अध्यक्ष झालास ना? जा, तिच्याकडं फेस मागून बघ."