मशीनचं वाटण

माझ्या लग्नानंतर थोड्याच महिन्यांनी बाबा गोरेगावहून आमच्या मुलुंडच्या चाळीत आले, ते एक मोठं खोकं छातीशी धरून. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. त्यांच्या कचेरीतला साहेब कायमचा विलायतेला परत चालला होता आणि घरातलं सामान विकत होता. त्यातून बाबांनी हे उचललं होतं. वर काचेचं उंच भांडं, खाली चकचकीत बैठक, पुढे काळं बटण. विजेवर वाटण वाटायचं मशीन! आमच्या चाळीत तसली वस्तू कुणी पाहिलीसुद्धा नव्हती.

मला आई नव्हती. आईवेगळ्या पोरीला सासरी कुणी कमी लेखू नये, हा बाबांना एकच ध्यास. त्यामुळे मशीनचं कौतुक म्हणजे लेकीचं कौतुक, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. माझ्याही बसलं, खोटं कशाला बोलू?

स्वयंपाकघरात प्लग नव्हता, म्हणून मशीन बाहेरच्या खोलीत रेडिओशेजारी विराजमान झालं. मी त्याला क्रोशाचं झाकण विणलं. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी आपला पाटा-वरवंटा समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंना देऊन टाकला. मालवणहून बोटीने आणलेला, त्यांच्या हाताने झिजून गुळगुळीत झालेला.

"आई, राहू दे ना तो," मी म्हटलं.

"कित्याक? तुझ्या माहेरची वस्तू इली हा. तिचो मान रवाक व्हयो."

मी शाळेत शिकवायची. दुपारी घरी यावं तर स्वयंपाक तयार, मशीन पुसून झाकलेलं. सुट्टीच्या दिवशी मी कपडे घेऊन खाली नळावर गेले, की वरून त्याची घरघर ऐकू यायची. काचेच्या भांड्याला कधी लसणाचा वास म्हणून नाही. मला वाटायचं, काय ही सासूबाईंची टापटीप!

रविवारी बाबा जेवायला येत. आमटीचा भुरका मारून म्हणत, "विहीणबाई, मशीनच्या वाटणाची चव काही औरच हं." सासूबाई मान खाली घालून वाढत राहायच्या. मीसुद्धा काही कमी नव्हते. "पाट्यावर कशाला हात झिजवता?" असं चाळीतल्या बायकांना ऐकवत असे, समोरच्या काकूंनासुद्धा. काकू एरवी चांगल्या फटकळ, पण त्या वेळी सासूबाईंकडे बघून गप्प बसायच्या.

माहेरी करणारं कुणी नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. आतल्या खोलीत पडल्या पडल्या रोज सकाळी मशीनची घरघर ऐकली की मला बरं वाटे. बाबाच घरात आहेत असं वाटे.

बारशाला खोली बायकांनी भरून गेली. बाबा नवा कोट घालून मशीनशेजारी खुर्चीवर बसले होते, येईल त्याला बटण दाखवत होते. बाळाला पाळण्यात घालण्याआधी वरवंट्याला तेल लावून, बाळासारखी कुंची घालून तो पाळण्याभोवती फिरवतात. एका बाईने विचारलं, "वरवंटा कुठाय गं?"

"या घरात आता वरवंटा नसतो, बरं का!" बाबा मोठ्याने म्हणाले.

"मग मशीनलाच घाला ना कुंची," कुणी तरी म्हणालं, आणि सगळे हसलो. मी सगळ्यात जास्त.

काकू हसल्या नाहीत. उठल्या, समोर गेल्या आणि वरवंटा घेऊन आल्या. तो ओला होता.

"मावशी," त्या सासूबाईंना म्हणाल्या, "सकाळी तुमचं वाटण झाल्यावर धुवायचा राहिला होता बघा. आत्ता घासून आणला."

"कसलं वाटण?" मी विचारलं.

"कसलं म्हणजे? आज जेवणार ते! रोज माझ्याकडेच तर वाटतात. त्या मशीनमध्ये खोबऱ्याचं नुसतं पाणी होतं, पहिल्याच दिवशी कळलं होतं त्यांना. मग तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून आधी साधं पाणी घालून ते फिरवतात, अन् मग वाटी पदराखाली घेऊन माझ्याकडे येतात."

"गप गो," सासूबाई पुटपुटल्या. चोरी करताना पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांचा! बाबांनी मशीनवरचा हात हळूच काढून मांडीवर ठेवला. मला इतकी लाज वाटली की मांडीवरच्या बाळाची कुंची मी उगाचच सोडून पुन्हा बांधत बसले.

बारसं झालं. सासूबाई आणि काकू, त्या दोघींनीच वरवंटा पाळण्याभोवती फिरवला. मग पंगत बसली. काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं. बाबा नुसताच भात चिवडत होते. बायका एकमेकींकडे बघत होत्या. इतक्यात सासूबाई पातेलं घेऊन बाबांच्या पानासमोर वाकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"व्याह्यानू, सांबारा वाढू? वाटण मशीनचाच आसा."

कुणी हसलं नाही. बाबांनी पानातली वाटी पुढे सरकवली, पण वर पाहणं त्यांना जमलं नाही. मलाही नाही.